रेशीमकिड्याचा शेवट

मुलं त्यांना पाठीमागे चौकटबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. वर अभिमानही होता. वाचताना टिपणं काढायला त्यांनी बावीस वर्षांपूर्वी एक कागद आखला होता: सुरुवात, मध्य, शेवट, अशा तीन चौकटी. धडा गोष्टीचा असो, यंत्राच्या माहितीचा असो, नाहीतर दोन शहरांच्या तुलनेचा. मुलांनी सगळं कोंबायचं ते या तिन्हींतच. "चौकटीबाहेर एक अक्षर चालणार नाही," हा दम ठरलेला.

रेशीमकिड्याच्या धड्याला एका मुलीने शेवटची चौकट कोरी सोडली. बाईंनी शून्य दिलं, प्रगतिपुस्तकात 'वाचलेलं कळत नाही' असा शेरा मारला आणि सगळ्या वर्गादेखत तिला मागच्या बाकावर, कच्च्या गटात बसवलं. तिथे पाचवीतल्या मुलांनी पहिलीचं पुस्तक वाचायचं. तीन आठवड्यांनी तिची आई आली. "बाई, घरी पुस्तकाला हात लावत नाही हो आता. म्हणते, मला कळतच नाही तर कशाला?"

"सराव वाढवा," बाई म्हणाल्या. झालं!

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत चित्रकलेच्या मास्तरांनी ब्रश पुसायला रद्दीतून एक कागद ओढला, उलटा केला आणि थबकले. "हे कुणाचं हो? झकास जमलंय!"

मागे एक वर्तुळ होतं. अंडं, अळी, कोष, पतंग आणि बाण पुन्हा अंड्याकडे. खाली बारीक अक्षरात: 'याला शेवट नाही, म्हणून चौकट रिकामी.'

"भरपूर मार्क दिले असणार तुम्ही."

बाईंनी कागद सुलटा केला; वर त्यांचंच शून्य होतं. "मी कागद उलटून बघतच नाही," त्या म्हणाल्या. मास्तर हसले, त्यांना वाटलं, थट्टा आहे.

वाचनाच्या तासाला बाई तो कागद घेऊन मागच्या बाकापाशी गेल्या. एकटीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण कमीपणा चारचौघांत दिला होता ना? "हिचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "या धड्याला तो कागद देणंच चुकलं माझं. आणि मी मागे पाहिलंसुद्धा नाही." मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, पण तू बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना बाई, चौकटीबाहेर काही नको."

बाईंनी तिचं प्रगतिपुस्तक मागवलं. शेरा खोडून त्यांनी खाली सही केली. "पुढे ये," म्हणाल्या. दप्तर घेऊन मुलगी पुढच्या बाकावर आली, पण मान खालीच.

"आजच्या धड्याला काय काढूया?" बाईंनी जवळजवळ अजिजीने विचारलं. "वर्तुळ काढायचं?"

"आधी वाचू तर दे," असं बाईंना अरेतुरे करून ती बोलून गेली, जीभ चावली, आणि पुस्तक पुढे ओढलं. बाई रागावल्या नाहीत. तेवढंही तोंड त्यांना उरलं नव्हतं.