स्वेटर कापून शिवलेली टोपी

त्या जानेवारीत यांची पहिली शिफ्ट होती. काळेवाडीतल्या आमच्या खोलीतून हे पहाटे साडेपाचला दुचाकीवर चाकणच्या कंपनीत निघायचे. आदल्या दिवशी मी यांचा मफलर धुतला होता. थंडीनं तो वाळलाच नाही.

"माझी ओढणी तरी बांधा."

"राहू दे. एक दिवस काय होतंय?" म्हणत हे तसेच गेले. हेल्मेटची काच तर कधीचीच फुटलेली.

दुसऱ्या दिवशी चूळ भरताना यांच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं. मला आधी हसूच आलं. मग हे माझ्याकडे वळले. अर्धा चेहरा खाली ओघळला होता आणि उजवा डोळा मिटत नव्हता.

"वाऱ्यानंच झालं असं सांगता येत नाही," दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "बहुतेकांचा चेहरा परत नीट होतो. पण गारठ्यात जपा." गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायला थेंब दिले. त्यांचं पहिलं वाक्य मला पटलंच नाही. माझ्या डोळ्यांपुढे दोरीवरचा तो ओला मफलर होता.

घरी येऊन मी माझा जाड मरून रंगाचा स्वेटर कापला आणि यांना सगळं तोंड झाकणारी टोपी शिवायला घेतली. लोकरीचे टाके सुटू नयेत म्हणून कडांवर आधी मशीन मारली. आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं, डोळ्यांना जागा ठेवली, नाकाखाली बारीक भोकं पाडली. तरी श्वासानं ती टोपी ओली व्हायची, म्हणून दुसऱ्या स्वेटरची आणखी एक शिवली.

दोन आठवड्यांनी हे कामावर गेले. गेटवरच्या नव्या वॉचमननं टोपी काढायला लावली. तो कार्डावरचा फोटो बघे, परत तोंडाकडे बघे.

"कार्ड कुणाचं उचलून आणलंय, राव?"

यांनी नाव सांगितलं, पण ओठ मिटत नव्हते, नावातला 'ब' उमटेना. मागे रांग लागलेली. त्यातलं कुणीतरी हसलं. शेवटी सुपरवायझरनं येऊन ओळख पटवली. हे सगळं यांनी मला संध्याकाळी ताटावर बसून, मान खाली घालून सांगितलं. जेवले नाहीत.

तेव्हापासून टोपी चेहऱ्यावरून उतरेना. कंपनीत हे भिंतीकडे तोंड करून जेवतात, असं यांच्या सोबत्याच्या बायकोनं मला सांगितलं.

मार्च उजाडला. डोळा मिटायला लागला होता, पण हसू एकाच बाजूला यायचं. तसे हे हसायचेही क्वचितच. लोकरीनं गालांवर घामोळं उठलं.

"आता थंडी गेली. काढा की ती," मी म्हणाले.

"थंडीसाठी घालतोय का मी?"

त्या दुपारी मी पिंपरी कॅम्पातल्या बाजारात गेले आणि मऊ, पातळ सुती कापड आणलं. मशीनवर बसून पुन्हा त्याच मापानं कापलं. सकाळी यांनी नवी टोपी घातली, नाकावर नीट बसवली.

"ही बरी आहे," म्हणाले आणि कामावर गेले.