दोन्ही हातांनी

मंदाकाकू कुणाकडूनही काहीही घेताना दोन्ही हात पुढे करतात. पोस्टमनकडून पाकीट, दुकानात पावती, माझ्याकडून कोथिंबिरीची जुडी. आम्ही अमेरिकेत ट्रॉयला त्यांच्या समोरच्या घरात राहायला आलो, तेव्हा मला वाटलं बाईंचं मनगट दुखत असावं. मग कळलं, नानाकाकांची मोटारींच्या कारखान्यातली नोकरी होती म्हणून ही दोघं चौदा वर्षं कोरियात राहिली होती. तिथे एका हाताने घेणं हा उद्धटपणा.

तिथलं बरंच काही त्यांच्याबरोबर इथे आलं. थंडी सुरू झाली की गॅरेजमध्ये प्लास्टिक अंथरून त्या चाळीस कोबी मिठा-तिखटात मुरवायला घेतात आणि दिसेल त्या बाईला हातमोजे देऊन बसवतात. त्यांचं स्वतःचं कोरियातलं पहिलं वर्ष मात्र फसलं होतं. शेजारच्या पाकबाईंनी मिठात मुरलेला कोबी दारात आणून ठेवला आणि काकूंनी त्याची चणाडाळ घालून भाजी केली. "पाकबाईंनी एक घास खाल्ला. दुसऱ्या दिवशी हाताला धरून अंगणात बसवलं, ते चौदा वर्षं उठू दिलं नाही."

गेल्या वर्षी नानाकाकांची दृष्टी अधू झाली. गाडी तेच चालवायचे, आणि ट्रॉयमध्ये गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. डॅलसच्या मुलाने आईवडिलांसाठी खोली रंगवून ठेवली. काकूंना घर सोडायचं नव्हतं. त्यांनी त्याला सांगितलं, एकसष्टाव्या वर्षी लायसन्स काढते. उन्हाळ्यात नाही मिळालं तर आम्ही तिकडे येतो. शिकवायला मी बसले. त्या चांगल्या चालवायच्या, फक्त सावकाश.

टेस्ट नेमकी त्यांच्या वाढदिवशी आली. वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप हवंच, हे मी त्यांच्याचकडून ऐकलं होतं. सकाळी सातला पातेलं घेऊन गेले. काकू ते दोन्ही हातांनी घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. नानाकाका हसायला लागले. परीक्षेच्या दिवशी हेच सूप वर्ज्य. शेवाळ बुळबुळीत, पिणारा घसरतो. हेही काकूंनी सांगितलं होतं, मी विसरले होते.

"हे सूप आपल्याला जन्म देणारीच्या नावाने पितात," काकू म्हणाल्या. "आईला काय सांगू, आज टेस्ट आहे, उद्या ये?" आणि दोन वाट्या प्यायल्या.

त्या नापास झाल्या. टेस्टमध्ये त्यांना शिंक आली. शेजारी बसलेल्या परीक्षकाने सौजन्याने टिशू पुढे केला. गाडी चालू असताना काकूंनी स्टिअरिंग सोडून तो दोन्ही हातांनी घेतला. स्टिअरिंग परीक्षकाने धरलं.

सूप माझं होतं, म्हणून मी माफी मागितली.

"सूपाला बोल लावू नकोस, वैशाली. हात माझे होते. आता त्यांना वळण कसं लावायचं ते बघ."

दोन आठवडे मी चालत्या गाडीत त्यांच्यापुढे वस्तू धरत होते. पेन, केळं, एकदा वाटीभर शेंगदाणे. त्यांनी समोरच बघत "नंतर" म्हणायचं. हात उठला की मी चापट मारायची.

"यापेक्षा सासू परवडली," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या टेस्टला मी चिक्की नेली. कोरियात परीक्षेला जाणाऱ्याला चिकट गोड देतात, म्हणजे तो जागेला चिकटून राहतो. काकूंनी एक तुकडा खाल्ला, एक सीटखाली ठेवला, आणि पास झाल्या. मुलाला फोन करून एवढंच सांगितलं, की त्या खोलीत तुझी ट्रेडमिल ठेव.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला कोरियात पूर्वजांना जेवण वाढतात. त्या दिवशी काकू तांदळाच्या पिठाचे, तीळसाखर भरलेले अर्धचंद्र करतात आणि अंगणातल्या पाइनच्या सुईसारख्या पानांवर उकडतात. यंदा सगळ्यांना वाटायला त्या स्वतः गाडी घेऊन निघाल्या. माझा डबा देऊन झाला, गाडी रस्त्याला लागत होती, तेवढ्यात मी धावत जाऊन खिडकीतून खोबऱ्याच्या वड्या पुढे केल्या.

"नंतर," त्या समोर बघत म्हणाल्या. गाडी कडेला घेतली. गिअर पार्कवर टाकला, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग माझ्याकडे वळून दोन्ही हात पुढे केले.