उद्यामावशीची शर्यत

गल्लीतल्या शिंपिणीला सगळे उद्यामावशी म्हणत, कारण कपडे कधी मिळतील विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर असे, "उद्या नक्की."

तिच्या भाच्याने कोपऱ्यावर छोटीशी ब्रुअरी काढली आणि एक अचाट शर्यत ठेवली. बिअरचा काठोकाठ भरलेला ग्लास घेऊन चालायचं, थांबायचं नाही, आणि सगळ्यांत शेवटी पोचेल तो जिंकला. भल्याभल्यांनी गोगलगायीला लाजवलं. मावशी उगवली तेव्हा सगळे पोचून दुसरा ग्लास रिचवत होते. ती रमतगमत निघाली, थेंब न सांडता पोचली आणि जिंकली. नियम म्हणजे नियम.

लोकांनी तिला खांद्यावर घेतलं. खालून सुतार कण्हला, "मावशी, गेल्या वर्षी शिवायला टाकलेला माझा कोट?"

"उद्या नक्की. खांद्याचं माप आत्ता कुठे मिळालंय."