बाळंतिणीच्या खोलीमागचा चर

अमरावतीला आमच्या घरामागं कापसाच्या गठाणी दाबायची प्रेस आली, तेव्हा सगळी आळी हरखून गेली होती. त्या हरखण्याचा मला आजही राग येतो. अमेरिकेत लढाई पेटलेली, इकडे कापसाला सोन्याचा भाव. बैलांनी ओढत आणलेलं इंजिन बघायला लोक शिदोऱ्या बांधून आले. मीही तिथंच इंजिनाला तेल घालायच्या कामावर लागलो. इंजिन सुरू झालं की आमच्या फळीवरची पितळी भांडी किणकिणायची. आई म्हणायची, "लक्ष्मी नाचून राहिली." पुढं मागच्या मातीच्या भिंतीला आढ्यापासून खालपर्यंत तडा गेला, तेव्हा तिनं लक्ष्मीचं नाव काढणं सोडलं.

त्याच हिवाळ्यात माझी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला द्यायला मागची खोलीच होती, तड्याच्या भिंतीची. तिची बाज दिवसभर थरथरायची. "दादा, पोटातलं लेकरू हालते का बाज हालते, मले समजतच नाही," असं ती हसत म्हणायची, पण तिचे डोळे त्या तड्यावरून हलत नसत.

मी भिंतीला बाहेरून रुईची पोती ठासून लावली. हादरा तसाच राहिला. आमचे मिस्त्रीचाचा बाळापूरचे, इंजिन त्यांच्या ताब्यात. ती पोती बघून ते म्हणाले, "गादीवर लेकरू उड्या मारते, रेतीवर मारते का? रुई घेतलेला जोर परत देते, बाबू. आपल्याले जोर जिरवायचा हाये." त्यांनी आमची परात टांगून तिच्यावर टिचकी मारली. परात कितीतरी वेळ घुमत राहिली. मग ती खाली उतरवून तिच्यात दोन ओंजळी रेती टाकली आणि पुन्हा टिचकी मारली. नुसतं 'थप' झालं. रेतीचे कण एकमेकांवर घासतात आणि सगळा जोर तिथंच खर्ची पडतो, असं त्यांनी मला समजावलं.

इंजिनाच्या दगडी ओट्याखाली रेती भरायला हवी होती. त्यासाठी इंजिन काही दिवस बंद ठेवावं लागलं असतं. मालकानं ते ऐकूनही घेतलं नाही. मग चाचा म्हणाले, "हादरा जमिनीतून येते. त्याचा रस्ताच तोडून टाक. चर खण आणि उघडा ठेव." आम्ही दोघांनी प्रेसच्या कुंपणाच्या आणि आमच्या भिंतीच्या मधोमध छातीइतका खोल चर खणला. त्या दुपारी बहिणीनं उशाशी पाण्यानं भरलेली वाटी ठेवली. पलीकडे इंजिन धडधडत होतं आणि वाटीतलं पाणी जवळजवळ स्थिर होतं. किती दिवसांनी ती शांत झोपली.

तिला मुलगी झाली. दुसऱ्याच दिवशी मालकानं मला नवं इंजिन बसवायच्या कामात मदतीला अकोल्याला धाडलं. निघताना आईला बजावलं, "चराले हात लावू नको." ती हो म्हणाली.

पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते. तिच्या वाटेवर, बाळंतिणीच्या खोलीमागं, उघडा खड्डा! आमच्याकडे तान्ही लेकरं गेली तर जाळत नाहीत, पुरतात. आईला तो चर बघवेना. तिनं दोन गडी लावून काढलेली काळी माती परत आत लोटली, पाणी मारून धुमसानं घट्ट ठोकून घेतली, वर शेणानं सारवलं, रांगोळी घातली. मग अवकाळी पाऊस आला. काळी माती फुगली आणि हादऱ्याचा रस्ता होता तसा जुळला.

भिंत सकाळी पडली. आई तेव्हा पुढच्या अंगणात, कोवळ्या उन्हात बाळाला तेल लावत होती. बहीण बाजेवर होती.

मी बैलांच्या दमणीतून घरी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. प्रेस चालूच होती. रांगोळीचा एक तुकडा अजून शाबूत होता. तो पाहून माझ्या डोक्यात रक्त चढलं. बोलायचं ते सगळं तोंडाशी आलं होतं. आई उंबऱ्यात बसली होती. "काहून पडली रे भिंत?" तिनं विचारलं. तिचा चेहरा पाहिला आणि मी म्हणालो, "पाण्यानं पडली, माय. जुनीच होती." तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी जाग आली ती मागून येणाऱ्या आवाजानं. आई कंबरेइतक्या चरात उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात कुदळ. मी ती काढून घ्यायला गेलो, तर तिनं सोडली नाही.

"सरक," ती म्हणाली. "पुढच्या खोलीत लेकरू निजून हाये."