दीक्षितपुऱ्यातला भोंगा

कारखान्याचा भोंगा आमच्या गल्लीत, दीक्षितपुऱ्यात, दोनदा ऐकू येतो. एकदा थेट आणि लगेच टेकडीवर आपटून, पुसट. सरांनी एवढ्या भांडवलावर आम्हाला सैद्धांतिक पदार्थविज्ञान शिकवलं. आपल्या गच्चीवर उभं करायचे. म्हणायचे, "डोळे मिटा. आता टेकडी कुठं आहे ते गणितानं सांगा." असं शिकलेली पोरं देशाच्या मोठमोठ्या प्रयोगशाळा चालवून राहिली. सरांना मात्र या शहरात गल्लीबाहेर कुत्रं विचारत नव्हतं.

लढाई लागली, खिडक्यांना काळे कागद चिकटले आणि कॉलेजनं सरांचा वर्ग बंद करायचं ठरवलं. खोली वाळूच्या पोत्यांना हवी होती. "देशाला तोफा पाहिजेत, थिअरी नाही," इति प्राचार्य. आम्ही पत्रकं छापली, भिंतींवर डकवली. कोणी ढुंकून पाहिलं नाही. तेवढ्यात सरांचा सगळ्यात नावाजलेला विद्यार्थी कारखान्याच्या समारंभाला आला. त्याचा एक शब्द प्राचार्यांनी वरच्यावर झेलला असता.

भाषणात तो म्हणाला, "लहानपणी एकटाच गच्चीवर भोंगा ऐकत होतो. तेव्हा मला टेकडीचं अंतर काढायचं हे गणित सुचलं."

एकटाच! मला सुचलं! आणि सर समोर बसलेले. लोक टाळ्या पिटून राहिले होते. मला शिसारी आली.

दाराशी मी त्याच्या हातात पत्रक कोंबलं. "साहेब, सरांचा वर्ग बंद करून राहिले. प्राचार्यांना सांगा ना."

"अच्छा, सर आहेत अजून?"

स्वागत समितीचा एक जाडा गृहस्थ मधे घुसला. "हटो भैया, साहब को भेड़ाघाट दिखाना है." पत्रक त्या जाड्यानंच काढून घेतलं, त्याला पानाच्या चुन्याचं बोट पुसलं आणि साहेबांना घेऊन गाडीत बसला.

त्याच आठवड्यात वर्गात पोती आली. सर दाराबाहेर उभे होते.

"सर, पुढच्या पत्रकात त्याची चोरी छापतो."

"काहून? गणित काय माझ्या बापाचं आहे?" त्यांनी चष्मा पुसला. "पण चुकला रे तो. ऐकणारा भोंग्यापाशीच उभा आहे असं धरून टेकडीचं अंतर काढलं त्यानं भाषणात. आपण तर इकडे लांब दीक्षितपुऱ्यात उभे असतो. फळा असता तर दाखवलं असतं. तुझ्या पत्रकात एवढी दुरुस्ती बसेल का?"

हमाल आम्हाला बाजूला व्हायला ओरडत होते.

मी दोन्ही छापलं. चोरी वर, ठळक टायपात. दुरुस्ती खाली, सरांनी सांगितली तशी.