गानूसाहेबांची ब्राह्मी, मंडलबाबूंची ब्राह्मी

"ही ब्राह्मी नाही. माल परत करा." गानूसाहेबांनी गोणीतला हात बाहेर काढून झटकला.

"नाही म्हणजे?" मंडलबाबू हिंदीत जवळजवळ ओरडलेच. "दीदी, सांगा यांना! परीक्षेआधी आई मला हेच शाक तळून घालायची!"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कलकत्त्याला बेहाला भागात केशतेलाच्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला होते. बॉटनी शिकलेली एकटीच, म्हणून आलेला पाला तपासून पास करणं माझ्याकडे. गानूसाहेब आमचे मॅनेजर, पुण्याहून बदलून आलेले. मंडलबाबू सप्लायर, बजबज गावाकडच्या तळ्यांकाठचा पाला आणायचे. माल ओला होता. पावसाळी उकाड्यात परत पाठवला असता, तर वाटेतच कुजला असता.

"लिमयेबाई, ब्राह्मीचं पान गोल असतं," साहेब मराठीत म्हणाले आणि बोटांनी गोल करून दाखवला. "आमच्या परसात होती. घराण्यातली सगळी मुलं त्यावर हुशार झाली. हे तर घोळीच्या भाजीसारखं दिसतंय."

बोटांचा गोल मंडलबाबूंना बरोबर कळला. "ओ तो थानकुनी! ते आम्ही पोट बिघडल्यावर खातो."

मी भाषांतर केलं. साहेबांचा चेहरा पडला. अख्खं घराणं पोटाच्या औषधावर हुशार झालं म्हटल्यावर पडणारच.

मी एक फुललेली काडी निवडून भिंग पुढे केलं. "फूल बघा, साहेब. फिकट जांभळं, खाली नळी. आत चार पुंकेसर, दोन लांब, दोन आखूड. हिवाळ्यात तुमच्या कुंडीत स्नॅपड्रॅगन होतं ना, चिमटीत धरलं की तोंड उघडणारं? ही त्याची रानटी बहीण. तुमची गोल पानाची कोथिंबिरीच्या कुळातली."

"मग खरी कोणती?"

"आपल्याकडे तिला ब्राह्मी म्हणतात, इथे हिला. ऑर्डरवर नुसतंच 'ब्राह्मी' आहे."

"असली अर्धवट ऑर्डर काढली कुणी?"

"सही तुमची आहे."

'सही' हा शब्दही मंडलबाबूंना कळला. ते छताकडे बघू लागले.

शेवटी पुण्याला हेड ऑफिसला ट्रंक कॉल लावला. तो लागेपर्यंत दुपार गेली. तिथले वैद्य म्हणाले, "अहो, दोन्ही चालतात. मिळेल ती घाला."

"घ्या माल उतरवून," साहेब उपकार केल्यासारखे म्हणाले. मंडलबाबूंनी कपाळाचा घाम पुसला.

तेव्हापासून मी ऑर्डरवर लॅटिन नाव घालू लागले. भांडणं थांबली. ते नाव दोघांनाही उच्चारता येत नव्हतं, त्यामुळे दोघंही मुकाट्याने मलाच विचारायचे.