लीनावहिनींची बाटली

भवानीपूरच्या शकुनताई म्हणजे निवृत्त नर्स. आम्हा कलकत्त्याच्या मराठी मंडळींचं कुठलंही आजारपण त्यांच्या संतापाशिवाय बरं होत नाही.

आमच्यात कुणी खोकलं की चार घरांतून उरलेली औषधं येतात, भाजीची वाटी यावी तशी. एकाहत्तर साली बँकेच्या बदलीवर आलेल्या मनोहरपंतांना शेजारच्या लीनावहिनींकडून अशीच खोकल्याची बाटली मिळाली. तिच्यात अफूचा अंश होता, आणि पंत डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळीही घेत होते. रविवारी शकुनताई भेटायला गेल्या, तर पंत खुर्चीत निपचित. श्वास संथ, हाकेला ओ नाही. ताईंनी त्यांना टॅक्सीत घालून इस्पितळ गाठलं. अफूचा अंमल उतरवणारं इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे पंतांनी डोळे उघडले.

"आणखी काही घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं नव्हतं?" ताईंनी पंतांना विचारलं.

"विचारलं होतं. पण ते कुठे औषध होतं? ते तर लीनावहिनींनी दिलेलं!"

"वहिनींनी दिली की अफूची बासुंदी होते काय हो?" ताई कडाडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन घरोघर बाटल्या जप्त करत फिरल्या. माझीही गेली.

"ताई, खोकला आला तर?"

"डॉक्टरकडे जा. आणि आधी काय काय गिळलंय ते सगळं सांगा!"